मांजरसुंब्याच्या घाटातली मोटार

काल नातवानं जीपच्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि वाफेच्या वासासरशी निजामाच्या अमलातली एक दुपार आठवली. बाळंतपणात अडलेल्या माझ्या जावेला आम्ही देशमुखांच्या मोटारीतून बीडच्या दवाखान्यात नेत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात पाणी उकळून मोटार थांबली. ड्रायव्हर करीमचाचांनी इंजिन निवू दिलं, मग घागरीतलं पाणी बेताबेतानं ओतू लागले.

"चाचा, भरभर ओता की!" मी ओरडले.

"आत हवा अडकली हाय, बाई. बुडबुडे निघू द्या, न्हाईतर पुन्हा बंद पडंल."

मला त्यांचा लई राग आला.

संध्याकाळी जावेला मुलगी झाली. चाचा दवाखान्याबाहेर थांबलेच होते. "दोघी बऱ्या हायत ना?" विचारताना त्यांचे हात थरथरत होते. घाटातही थरथरत असतील. मी पाहिलंच नव्हतं.