पालखी भेट

आमच्या ऑफिसात दरवर्षी जुन्या फायली दोरीने बांधून माळ्यावर टाकतात. किस्से मात्र कुणी माळ्यावर टाकत नाही. ते खालीच राहतात, चहाच्या टेबलापाशी, आणि प्रत्येक तपासणीनंतर त्यात दोन-चारांची भर पडते. मी इथे इतकी वर्षं काढलीत की निम्मे किस्से आता मीच सांगते. उरलेले निम्मे माझ्याबद्दल सांगतात!

ऑफिसचं नाव लांबलचक आहे, ते जाऊ दे. काम सोपं आहे. ज्या मुलांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांना कुणी आपल्या घरी सांभाळत असेल तर सरकार त्या घराला दरमहा अनुदान देतं. सांभाळणाऱ्याला कागदावर 'पालक' म्हणतात. हा पालक खरा आहे का, मूल खरंच त्याच्या घरात राहतं का, हे घरी जाऊन बघायचं ही माझी नोकरी. रजिस्टरमध्ये त्याला 'पालक भेट' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याने आमचा घाम काढला.

आमचे साहेब जगदाळे, साताऱ्याकडचे. टायपिंगला सुर्वेताई, राजापूरकडच्या, रिटायरमेंटला टेकलेल्या. आणि मी. एवढाच आमचा दरबार.

*

जगदाळे साहेब नवीन आले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, हे सगळे बाद करा. 'वडील कुठे आहेत' या रकान्यात सगळ्यांनी 'मुंबईला' लिहिलंय. बाप तिकडं कमावतोय आणि अनुदान आपण द्यायचं?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या कोकणात मुंबईला म्हणजे नुसतं मुंबईला नसतं. नोकरीला गेला तो मुंबईला. दुसरं लग्न करून बसला तोही मुंबईला. आणि कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही, तो तर मुंबईलाच!"

"मग ओळखायचं कसं?"

"दुसरा प्रश्न विचारायचा. गणपतीला येतो का?"

साहेब हसले. पण पुढच्या भेटीला खेडला माझ्याबरोबर आले. तिथे एका आजीला त्यांनी विचारलं, नातवाचे वडील कुठे असतात? "मुंबईस," आजी म्हणाली. साहेबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "गणपतीला येतात का?" आजीने पदर तोंडाला लावला तो काही केल्या खाली येईना. साहेबांनी मुकाट्याने 'पात्र' वर टिक केली.

परत येताना जीपमध्ये म्हणाले, "हा रकाना फॉर्ममध्येच हवा. वर पत्र लिहू या." पत्र गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: "योजना सर्वधर्मीयांसाठी असल्याने सणाचा रकाना समाविष्ट करता येणार नाही."

*

सर्वधर्मीयांवरून आठवलं. हर्णेला एक मुलगा मामाकडे राहायचा. आईवडील दोघंही गेलेले. अर्जासोबत घरासमोर उभं राहून काढलेला पालकाचा आणि मुलाचा एकत्र फोटो लागतो. फोटो आला. मुलगा दारात उभा, हातात मोबाईल, मोबाईलच्या स्क्रीनवर हेल्मेट घातलेला मामा. मामा कुवेतला कामाला!

वरून शेरा आला, "पालक फारच लहान दिसतात. स्पष्ट फोटो सादर करावा."

मी हर्णेला गेले. घरात मामाची बायको होती, मुलगा तिला मुमानी म्हणायचा. सुकटीचं वाटण पाट्यावर चाललेलं.

"याचं जेवणखाण कोण बघतं?"

"मीच."

"शाळेत कोण जातं? आजारी पडला तर?"

"मीच की. आणि कोण हाय घरात?"

"अहो मग पालक तुम्हीच ना! तुम्ही का नाही उभ्या राहिलात फोटोत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, मी उभी राहिले तर फोटो कोन काढनार?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तो फोटो मीच काढून दिला. पहिल्या झटक्यात मंजूर झाला.

*

योजनेची माहिती द्यायला आम्ही राजापूर तालुक्यात, सुर्वेताईंच्याच गावात गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये गाव जमलेलं. पुढच्या खुर्चीत तात्या गावकर. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. वय झालेलं, सभेत बसले की डोळे मिटायचे.

जगदाळे साहेबांचा आवाज भारदस्त. त्यांनी कागद उघडून अटी वाचायला घेतल्या. "पालकाने मुलास स्वतःच्या घरी ठेवले पाहिजे..."

तात्यांनी डोळे न उघडताच हात जोडले. "व्हय म्हाराजा!"

आणि सवयीने अख्खा हॉल ओरडला, "व्हय म्हाराजा!"

साहेबांनी दचकून कागदातून मान वर काढली. त्यांना कुठे माहीत, की आमच्याकडे गाऱ्हाण्यात देवाला एकेक वाक्य सांगतात आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी असा होकार भरायचा असतो! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. सरपंच म्हणाले, "सायबानू, वाचा तुमी. आवाज देवाच्या कामाचा हाय तुमचा."

मग काय, साहेबांना पण हुरूप आला. "मुलास नियमित शाळेत पाठवले पाहिजे!" व्हय म्हाराजा! "अनुदान मुलावरच खर्च केले पाहिजे!" व्हय म्हाराजा! पुढचे पुढचे नियम तर त्यांनी चालीतच वाचले.

इतिवृत्तात लिहिलं, "सर्व अटी ग्रामस्थांनी एकमुखाने मान्य केल्या." आजवरचं सगळ्यात खरं इतिवृत्त असेल ते.

*

त्याच दिवशी सभा सुटल्यावर एका आजीने माझा हात धरला. "बाय, माज्या घराकडं येतंस?"

ही पार्वतीआजी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात चौथीतली एक मुलगी जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. सानिका. तिची आई तापाने गेली होती. वडील मुंबईला. मी विचारलं, गणपतीला? आजीने नुसती 'नाही' म्हणून मान हलवली.

"सानिका तुमची कोण?"

"शेजारची."

"म्हणजे नात्यात?"

"नाय गे बाय. तो बघ गडगा. त्याच्या पल्याडचा घर तिचा."

गडगा म्हणजे दोन आवारांमधली चिऱ्यांची भिंत. मी बघितलं, तर मध्येच तीन-चार चिरे काढून माणूस जाईल एवढी वाट केलेली.

"आई गेल्यावर पोर घाबरायची, माज्याकडं यायची. गडग्यावरना उडी मारताना गुडगा फोडलान. मग मीच चिरे काडले," आजी म्हणाली. "आता ती पल्याड जात नाय. पन वाट ऱ्हायली."

मी ती वाट बघत उभी राहिले. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. फॉर्मवर 'नाते' या रकान्यात मी लिहिलं, शेजारी. अनुदान सुरू झालं.

*

आता सुर्वेताईंचा पराक्रम. वर्षभराच्या भेटींची नोंद ऑनलाइन करायचा आदेश आला. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडलेला, म्हणून ताईंनी सगळी भरती स्वतःच्या मोबाईलवरून केली. एका दिवसात केली! आम्ही टाळ्या वाजवल्या.

ताई त्यांच्या गावच्या शिमग्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर फिरते; ती कोणत्या वाडीत कधी, कोणाच्या घरी किती वाजता, हे सगळं त्याच टाकणार. त्यामुळे त्यांच्या मोबाईलला एक सवय लागली होती. 'पाल' एवढं टाइप केलं की पुढचा शब्द तो स्वतःच पुरा करायचा.

वर्षभराच्या प्रत्येक नोंदीपुढे छापून गेलं: "पालखी भेट. पूर्ण."

तपासणी विभागाचं पत्र आलं. खाली सही काळे साहेबांची. हे काळे म्हणजे कडक माणूस, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पिणारे. पत्रात लिहिलं होतं, "कार्यालयीन जीपचा वापर वर्षभर पालखी दर्शनासाठी झाल्याचे दिसून येते. खुलासा करावा."

खुलासा ताईंनीच लिहिला. घाईघाईत, मोबाईलवरूनच. तो पाठवून झाल्यावर आम्ही वाचला. "सदर नोंद 'पालखी भेट' अशी नसून ती 'पालखी भेट' अशी वाचावी, ही विनंती."

*

हसून झाल्यावर त्याच पत्राचं दुसरं पान मी उलटलं, आणि माझं हसू मावळलं.

"मुद्दा दोन. कु. सानिका हिचे अर्जदाराशी कोणतेही नाते नाही. शेजारी हे नाते नव्हे. रेशनकार्डावर नाव नाही. मूल अर्जदाराच्या कुटुंबात राहत असल्याचा पुरावा नाही. अनुदान थांबवून मुलीस बालगृहात दाखल करण्याबाबत कार्यवाही प्रस्तावित."

जगदाळे साहेबांनी फोन लावला. मी समोरच होते. "साहेब, मुलगी तिथं सुखात आहे हो. आमच्या मॅडमनी स्वतः बघितलंय."

पलीकडून काळे साहेब म्हणाले ते मलाही ऐकू आलं. "तुमच्या मॅडम पालख्या बघत फिरतात. मी स्वतः येतो."

मला राग आला, पण त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं. कागदावर पोरं दाखवून अनुदान लाटणारी माणसं आम्ही पकडलेली आहेत. बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे मलाही पटतं. पण सानिकाला त्या घरातून उचलायचं म्हणजे तिची दुसऱ्यांदा आई नेण्यासारखं होतं. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

काळे साहेबांनी तारीख कळवली. सुर्वेताईंनी ती बघितली, मोबाईल उघडून ग्रुप बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी सकाळी पार्वतीआजीच्या वाडीत पालखी होती.

"सांगू या का काळे साहेबांना? दुसरी तारीख घेतील," ताई म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. खोटं बोलले नाही हं, गप्प बसले, एवढंच.

*

काळे साहेबांना घेऊन जगदाळे साहेब आणि मी पोचलो तेव्हा आजीचं अंगण शेणाने सारवलेलं होतं आणि सानिका रांगोळी पुरी करत होती. काळे साहेब ओटीवर बसले, फाइल मांडीवर घेतली.

"घरात माणसं किती?"

"कागदावर एक," आजी म्हणाली. "घरात दोन."

"आजी, मला कागदावरचंच लिहावं लागतं."

"मंग लिवा एक. मी काय करू?" असं म्हणून आजी आत गेली. साहेब कशासाठी आलेत, तिला सगळं माहीत होतं. सानिकालाही माहीत असावं, कारण ती रांगोळी सोडून आजीच्या पदराला धरून उभी राहिली ती हलेचना.

साहेबांनी दप्तर तपासलं, गादी बघितली, कपड्यांची ट्रंक बघितली. "कपडे कुणीही आणून ठेवू शकतं," म्हणाले. तेवढ्यात ढोल वाजायला लागले.

पालखी गडग्याच्या त्या वाटेपाशी आली. वाट लहान, पालखी मोठी. ती वाहून आणणाऱ्या पोरांनी आडवी-तिडवी करून बघितली, जमेना. मग दोघांनी पुढे होऊन आणखी दोन चिरे काढले आणि देव आत आला. अंगणात माणूस मावेना. काळे साहेब ओटीवरून उठले, त्यांनी बूट काढले. फाइल ठेवायला जागा नव्हती म्हणून काखेत धरली.

आजीने देवाची ओटी भरली. तात्या गावकर पुढे आले, डोळे मिटले, आणि नेहमीसारखं विचारलं, "घरात मानसां किती गे पार्वती?"

आजीने एकदा काळे साहेबांकडे बघितलं. "दोन."

"बा देवा म्हाराजा!" तात्यांनी हात जोडले. "आज ही पार्वती आनि हिची लेक सानिका, अशी ह्या घरची दोन मानसां तुज्या पायाशी उबी हायत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी.

"त्यांनी केलेली सेवा मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकलामाकला आसंल ता पोटात घाल, आनि ह्या घरातला मानूस ह्याच घरात सुकानं ऱ्हाऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज माझ्या अगदी शेजारून आला. मी वळून बघितलं. काळे साहेबांचे हात जोडलेले होते आणि फाइल खाली रांगोळीत पडली होती.

ते फाइल उचलून, झटकून जीपमध्ये जाऊन बसले. वाटेत जगदाळे साहेबांनी एकदा तोंड उघडलं, मी त्यांना चिमटा काढला.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. तिघांनी एकदमच उघडला. सुर्वेताईंचा चष्मा सापडेना म्हणून मी मोठ्याने वाचला. "मूल अर्जदाराच्या कुटुंबात राहत असल्याची खात्री झाली. अनुदान चालू ठेवावे. मूल आहे तिथेच ठेवावे." कागदाला एका कोपऱ्यात गुलाबी रांगोळी लागलेली होती.

खाली एक रकाना होता: 'तपासणीचा प्रकार'. बाकीचा अहवाल टाइप केलेला होता, हा रकाना मात्र काळे साहेबांनी निळ्या पेनाने, स्वतःच्या हाताने भरला होता.

"पालखी भेट. पूर्ण."