मुकी फेरी

लहानपणापासून मला गप्प बसता आलेलं नाही. मामी म्हणायची, हिच्या तोंडाला दार बसवायचं देव विसरला. सासरी आले तरी तेच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून ओरडायच्या, "तोंड हाय का चावडी? जरा गप ऱ्हा की!" अशा बाईवर देवीच्या डोंगराची मुकी फेरी घालायची वेळ आली, याचं आता हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं. तेवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि पुढं आयुष्यात मी काही कमी बघितलेलं नाही.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. राज्य निजामाचं, म्हातारी माणसं त्याला मोगलाईच म्हणत. वैशाखात माझं लग्न झालं आणि पाऊस सरता सरता आमच्या घरधन्याला ताप भरला. उतरेचना. सासऱ्यांनी परळीहून हकीम आणला. त्यानं नाडी बघितली, जीभ बघितली, काढा दिला आणि म्हणाला, मुदतीचा ताप आहे, मुदत भरेपर्यंत काही सांगता येत नाही. मुदत म्हणजे किती, हे विचारायला मी तोंड उघडलं तर आत्याबाईंनी डोळे वटारले. नवरा माझा आणि विचारायचं मात्र मी नाही! असा राग आला होता, पण तो गिळला. आत माणूस बरळत होता. कधी बैलांना हाका मारायचा, कधी माझ्याकडं बघून आईला विचारायचा, "ही कोण?"

माझी आई मला जन्म देताना गेली आणि बाप पटकीत गेला. धर्मापुरीच्या बाजूला मामाच्या घरी मी वाढले. पाठवणीच्या वेळी मामीनं कानात सांगितलं होतं, "आता बरंवाईट तिकडंच बघ." तेव्हा घरधनी गेले असते तर मला जायला जागा नव्हती. शिवाय, आता सांगायला कसली लाज, मला ते आवडायला लागले होते. माझी बडबड ऐकून हसणारं त्या घरात ते एकटंच माणूस होतं.

आमच्याकडं घरातला पुरुष असा अंथरुणाला खिळला की त्याची आई आणि बायको मिळून देवीच्या डोंगराची मुकी फेरी घालत. उजाडताना पायथ्याच्या बारवेवर अंघोळ करायची आणि ओल्या लुगड्यानं, अनवाणी निघायचं. दातात लिंबाची डहाळी धरायची, म्हणजे बोलायला तोंड उघडलं की ती पडणार. डोंगर उजव्या हाताला ठेवून सगळा वळसा घालायचा आणि पुन्हा बारवेपाशी यायचं. आई पुढं, बायको मागं. वाटेत शब्द काढायचा नाही, मागं वळून बघायचं नाही आणि एक पाऊलसुद्धा माघारी टाकायचं नाही. यातलं काही मोडलं तर ज्याच्यासाठी फेरी, त्यालाच देवी घेऊन जाते. असं सगळे म्हणत आणि मीही ते सगळ्यांइतकंच खरं मानत होते.

सुरुवातीची वाट सोपी होती. सीताफळीची झाडं, गुडघाभर गवत, पलीकडं धनगरांची मेंढरं बसलेली. त्यांची कुत्री आमच्यावर धावून आली, पण एका धनगरानं आमच्या दातांतली डहाळी बघितली आणि हाक मारून त्यांना आवरलं. आम्ही त्याच्यासमोरून पुढं जाईपर्यंत तो हात जोडून उभा होता. मला ते बघून धीर आला नाही. आपण काय करायला निघालो आहोत, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. लिंबाचा कडू रस घशात उतरत होता. पायांत कुसळं शिरत होती आणि "आई गं" म्हणायचीसुद्धा सोय नव्हती.

डोंगराच्या मागल्या अंगाला कडा आहे. तिथं वाट कड्याच्या पोटातून जाते. उजवीकडं काळा कातळ, डावीकडं काहीच नाही. खाली दरीत पळसाची झाडं हरभऱ्याच्या रोपाएवढी दिसत होती. वाट तरी कसली, दोन पावलं शेजारी शेजारी ठेवली तर भरून जाईल एवढी कपार. पावसानं तीही जागोजागी झिजलेली. आत्याबाई न थांबता कातळाला हात लावत पुढं निघाल्या. मी त्यांच्या टाचांकडं बघत चालले. टाचा सोडून दुसरं काही बघायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मध्यावर कड्याला मोठा फुगवटा आहे आणि वाट त्याला वळसा घालून पलीकडं जाते. आत्याबाई वळल्या आणि त्यांच्या टाचा दिसेनाशा झाल्या. मी घाईनं पुढं पाय टाकला. पायाखालचा दगड हलला, सुटला आणि खाली गेला. मी कातळाला चिकटले. दगड पडल्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन उभी राहिले, पण तो येईचना. आला तेव्हा इतका बारीक आला की दरी किती खोल आहे ते मला न बघता कळलं.

दगड सुटला तिथं आता वाटेत खिंडार पडलं होतं. टांग टाकली तर ओलांडता आलं असतं, पण ओलं लुगडं पायांना असं लपेटलेलं की टांग फाकेना. पुढं जाता येईना. माघारी फिरायचं नाही. हाक मारायची नाही. मी डोळे मिटले तर दरी आणखी जवळ आली, म्हणून उघडले. गालावर कातळ गार लागत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दातांत डहाळी मी इतकी घट्ट धरली होती की जबडा दुखायला लागला. मी मनात देवीला म्हणाले, मी पडले तर पडते, पण ओरडणार नाही, तेवढं त्यांना सोड. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, नको, मला मरायचं नाही. दोन्ही खरं होतं. भीतीला लाज नसते हे मला तिथं कळलं.

आत्याबाई पुढं गेल्या असणार हे मला ठाऊक होतं. त्यांना मागं बघायचं नव्हतं. लेक एकुलता होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग फुगवट्याच्या कडेवर एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा, भाजल्याचा डाग असलेला, रोज मला भाकरी वाढणारा हात. त्याच्यामागून आत्याबाई आल्या. त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. त्या माघारी आल्या होत्या, आणि त्यांच्या दातांत डहाळी नव्हती.

ते बघून मला कड्याची भीती वाटली त्याहून जास्त भीती वाटली. फेरी मोडली. घरी आता काय झालं असेल? मी जोरजोरात मान हलवली, जा, जा, म्हणून.

"कावून थांबलीस गं?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, परसातून विचारावं तसा. "तुझ्या जोडव्यांचा आवाज येईना. म्हनलं ही न्हाई मागं."

मी डोळ्यांनी खिंडार दाखवलं.

"बगितलं. तू नको बगू. माझ्याकडं बग. लुगडं वर घे, पार गुडघ्याच्या वर. हितं कोन बगायलंय तुला? हां. आता हात दे."

मी हात दिला. त्यांनी दुसऱ्या हातानं कातळातली एक फट पकडली आणि माझं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या फुटून रुतल्या. "टाक पाय," त्या म्हणाल्या. मी टाकला. मधला तेवढा क्षण माझ्या पायाखाली काही नव्हतं. मग कपार लागली, मग आत्याबाईंचं ओलं अंग लागलं. त्यांनी मला सोडलं नाही. आम्ही दोघी खेकड्यासारख्या आडव्या सरकत फुगवट्याच्या पलीकडं आलो आणि वाट रुंद झाली तिथं मटकन बसलो.

तेव्हा मी डहाळी थुंकली. "आत्याबाई, हे काय केलं तुमी? तुमी बोल्ल्या! माघारी आल्या! तिकडं त्यांचं काही झालं मंजी?"

आत्याबाई गवताकडं बघत होत्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलं होतं.

"त्याला देवी हाय," त्या म्हणाल्या. "तुला कोन हाय?"

मला रडू फुटलं. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही, त्यांचा तो स्वभावच नव्हता. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून उठल्या. "घरी कुनी इचारलं तर फेरी झाली म्हनायचं. मी सांगीन. तू मदी तोंड घालू नको."

उरलेली वाट उताराची होती. मला एक शब्द सुचत नव्हता. घराच्या दारात बायका जमलेल्या दिसतील, रडणं ऐकू येईल, असं पावलागणिक वाटत होतं. आत्याबाई पुढं चालल्या होत्या. मध्येच थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"बोल की गं कायतरी," त्या म्हणाल्या. "रोज तर बोलतीस. मला लई भेव वाटायलंय."

मग मी बोलत राहिले. मामाच्या म्हशीबद्दल, धर्मापुरीच्या देवळातल्या कोरलेल्या बायांबद्दल, काय वाटेल ते. मी काय बोलते ते त्यांनाही कळत नव्हतं, मलाही नाही. घर दिसलं तशी मी गप्प झाले.

दारात कुणी नव्हतं. आत घरधनी तसेच पडले होते, तापलेले, जिवंत. पुढं कितीतरी दिवस आत्याबाई त्यांच्या नाकापुढं हात धरून श्वास बघत आणि माझी नजर चुकवत. मग एकदा घाम आला आणि ताप उतरला. ते उठून बसले, पेज मागितली. गावातल्या बाया ओटी घेऊन आल्या, देवी पावली म्हणाल्या. आत्याबाई "व्हय" म्हणाल्या. मी तोंड घातलं नाही.

तापानं त्यांचा डावा कान मात्र नेला. हकीम म्हणाला, या तापात असं होतं. पण आत्याबाई माझ्यासाठी माघारी फिरल्या तेव्हा डोंगर त्यांच्या डाव्या हाताला आला होता. हे माझ्या लक्षात आलं, तर त्यांच्या आलं नसेल का? डाव्या बाजूनं हाक मारली आणि लेकानं मान वळवली नाही, की त्या क्षणभर कसनुशा व्हायच्या आणि मग उजवीकडून जाऊन पुन्हा बोलायच्या.

त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं एका चुलीवर राहिलो आणि भांडलो तर काय विचारता. मीठ जास्त झालं म्हणून, सरपण ओलं आणलं म्हणून, मी शेजारणीशी बोलत बसले म्हणून. एकदा फारच विकोपाला गेलं. मी म्हणाले, "तुमी माझ्यासाठी कदी काय केलं?" मला ते बोलायला नको होतं, पण तोंडाला दार नाही. आत्याबाईंनी तोंड उघडलं. त्यांचा लेक अंगणात डावी बाजू आमच्याकडं करून दोर वळत बसला होता. त्याला आमचं भांडण ऐकूच येत नव्हतं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि ताटात भाकरी वाढून ते माझ्यापुढं सरकवलं.

"जेवून घे," म्हणाल्या.