दुसरी नळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मशीनगनची दुसरी नळी माझ्यापाशी नव्हती, आणि तरी मी 'हाय' म्हणालो होतो.

ज्याला म्हणालो तो दिग्रसचा, माझ्याच गल्लीतला. कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही सोबत काम करायचो. रोलरवर हात ठेवला की बिघाड कुठे आहे ते त्याला कळायचं. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

फौजेत आम्ही एकदमच गेलो आणि एकाच मशीनगनवर लागलो. तो झाडणारा, एक नंबर. मी दोन नंबर; गोळ्यांनी भरलेली मॅगझिन पुरवायची, जादा नळी वाहायची. मारा चालू राहिला की नळी तापते, ती उतरवून दुसरी चढवावी लागते. एक नंबरनं समोरून नजर काढायची नाही. म्हणून तो मागे न बघताच विचारायचा, "नळी हाय नं बे?"

"हाय."

पंगतीत बसल्यावरही विचारायचा. सारी बराक हसायची.

एकदा मशीनगन शिकवणारे उस्ताद सांगत होते, परदेशात आता एकच मशीनगन काढलीय. हातात घेऊन धावा, नाहीतर तिवईवर बसवून एका जागी मोर्चा धरा, सगळी कामं करते.

"उस्ताद, उसको भी नली दो लगती क्या?" त्यानं विचारलं.

"दो ही."

"घे गड्या," तो माझ्याकडे वळला, "तुही नोकरी वाचली!"

बासष्ट साली आम्ही बर्फातून चढत होतो. छाती फुटायला आली होती. आम्ही वऱ्हाडातले, लोखंड तापतं ते उन्हानं, एवढंच अंगात मुरलेलं. या थंडीत नळी कशी तापेल, असं वाटलं मला. खडकाआड ठेवून दिली.

वर पोचल्यावर त्यानं विचारलंच. मी "हाय" म्हणालो.

सकाळी चिनी आले. दहाव्या मॅगझिनला नळीखालचं बर्फ वितळून वाफ निघू लागली. त्यानं हात मागे केला, "दे." हात तसाच राहिला. तेव्हा तो पहिल्यांदा मागे वळला.

"काहून सांगतलं नाही बे? जपून चालवली असती."

शिवी नाही, काही नाही. मग म्हणाला, "जा, घेऊन ये."

मी धावत उतरलो. नळी जिथे ठेवली तिथेच होती. ती उचलली तेव्हा वरचा आवाज थांबलेला होता.

त्याच्या आईला मी सांगितलं, मशीनगननं दगा दिला. ती अजून दारात बसून विचारते, "माह्या पोराले मशीनचं सारं समजे, बाप्पा. मंग मशीननं त्यालेच कसा दगा देला?"

मशीनगन चांगली होती, तोही चुकला नव्हता, नळी मी टाकली होती. एवढं त्या माउलीला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.