तांब्याचं वेटोळं

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड पोस्टमनने अंगणातच हातात दिलं, तेव्हा मी रजेवर कोकणात घरी होतो. कोपरा फाडलेला म्हणजे कुणीतरी गेलं, हे वाचायच्या आधीच कळतं. असलं कार्ड घरात न्यायचं नसतं, म्हणून माडाखाली उभ्यानेच वाचलं. जोंधळे सर गेले. कार्ड पोचेपर्यंत दहावासुद्धा होऊन गेला होता... संगमनेर दोन दिवसांच्या वाटेवर. करणार काय? कार्ड फाडलं, आंघोळ केली आणि नुसता बसून राहिलो.

माझी शाळा चौथीतच सुटली. पोटासाठी घाट चढून संगमनेरला आलो, तेव्हा सरांनीच मला त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला लावलं. आपल्या हातून काहीतरी फुटणार आणि आपल्याला घालवणार, ही धास्ती मला कायमची. पहिली परीक्षानळी फुटली तेव्हा सर म्हणाले, "सखाराम, काच आहे, फुटणारच. पाय सांभाळ." थर्मामीटर वाचायला, बाटल्यांवर नावं लिहायला त्यांनीच शिकवलं. आज हे लिहितोय तेही त्यांच्याच जिवावर.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात सरांनी मनात घेतलं, की इथल्या पोरांनी समुद्र नकाशातच पाहिलाय, तर जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वर्गात जिवंत समुद्र हवा. मे महिन्यात मी घरून दोन मोठ्या बुधल्या भरून समुद्राचं पाणी, शंखात राहणारे सहा खेकडे आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल घेऊन निघालो. बोट लागलं की मिटणारं, हळूच पुन्हा उमलणारं. एसटीत कंडक्टर म्हणाला, "काय हाय रं ह्यात?" म्हटलं, समुद्राचं पाणी. "आमाला हितं प्यायला न्हाई, आन् तू खारं पानी तिकीट काढून आनतोस व्हय!" सगळी गाडी हसली.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत सोडलं, पण दुपारी पाणी तापायचं. मग सरांनी जुगाड केला. उंचावर दोन माठ, त्यांना ओलं गोणपाट. माठातलं गार पाणी टाकीत बुडवलेल्या तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून फिरून खालच्या बादलीत यायचं आणि बादली मी परत माठात ओतायची. वेटोळं तांबटाकडून करून घेतलेलं. "तांब्यातलं पाणी आपण औषध म्हणून पितो," सर म्हणाले, "यांनाही मानवेल." गोणपाट भिजवायला ते स्वतःच्या आंघोळीतली अर्धी बादली आणायचे. पारा उतरला तेव्हा त्यांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी एक खेकडा शंखाबाहेर येऊन पडला. सर म्हणाले, "अजून उष्णता आहे." आणखी गोणपाट, आणखी पाणी. वेटोळ्यावर हिरवट थर चढायचा. तो जिवांना बाधत असेल म्हणून मी रोज सकाळी ते चिंचेने घासून लखलखीत करायचो आणि परत टाकीत सोडायचो. पाणी गार होत गेलं आणि ते मरत गेले. समुद्रफूल शेवटी... मिटलं ते उमललंच नाही. सर काचेला कपाळ टेकून बसले. पारा अगदी हवा तिथे होता.

शाळा उघडली. पोरांनी विचारलं, "सर, समुद्र कुठंय?" सरांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावायला सांगितलं. "लई खारट हाय की!" पोरं खूश. सर माझ्याकडे बघत नव्हते.

ते वेटोळं तेव्हापासून दोन वर्षं प्रयोगशाळेच्या खुंटीवरच आहे. दर शनिवारी मी ते चिंचेने घासायचो. जाता जाता सर म्हणायचे, "छान चमकतंय रे."

परत आल्यावर सरांच्या घरी गेलो. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, एक जुनं पत्र हातात दिलं. त्याच पावसाळ्यात मुंबईच्या कुणा जाणकाराने सरांना लिहिलेलं. समुद्रातल्या असल्या जिवांना तांबं म्हणजे विष, थोडंसुद्धा. "तुम्हाला दाखवू नको म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "'तो रोज घासायचा गं,' म्हणायचे... पण आता मला हे घरात ठेववेना."

परवा शनिवार होता. सवयीने चिंच भिजत घातली. वेटोळं खुंटीवरून काढलं. महिन्याभरात हिरवं पडलंय. घासायला हात उचलवेना, परत टांगवेना. घंटा होईपर्यंत ते मांडीवर घेऊन बसलो होतो.