बिनक्लचची गाडी आणि जावयाचा मान

जावयाला चूक करायची सोय नसते. म्हणजे हातून चूक होते, पण ती त्याची आहे हे मानायला सासुरवाडीत कोणी तयार नसतं. हे मला सासऱ्यांच्या गाडीत कळलं, आणि ते आठवलं की आजही मान खाली जाते.

सासरे शहाद्याकडचे, तापीकाठचे गुजर शेतकरी. कापूस आणि केळी. बैलगाडीच्या चाकाखाली सापडल्यापासून त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. क्लच दाबणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी अमेरिकन गाडी आणली होती. तिला क्लचच नव्हता. पायाशी नुसता ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. स्टिअरिंगजवळची दांडी एकदा ओढली की पुढचे गिअर गाडी आपले आपण बदलायची. त्या गाडीमुळे म्हातारा कोणाची मिनतवारी न करता शेतावर, बाजाराला एकटा जायचा. गाडीवर त्यांचा भारी जीव.

मी नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथल्या जीपवर गाडी शिकलो. जीप म्हणजे राकट काम. पहिला गिअर टाकताना आतून खरडल्याचा आवाज यायचा आणि डावा पाय सदा क्लचवर. बायकोनं माहेरी माझ्या ड्रायव्हिंगचं एवढं कौतुक केलं होतं, की अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण झाल्यावर मी तिला न्यायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी किल्लीच माझ्या हातात ठेवली.

"चाला, परकाशाले दर्शनले जाऊत. आज तुम्ही चालाडा, जवाईबापू."

नाही म्हणालो असतो तर बायकोची शोभा झाली असती. निघालो. गाडी लोण्यासारखी चालली होती, गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नव्हतं. क्लच नाही हे डोक्याला ठाऊक होतं, पण पायाला कोण सांगणार? गावाबाहेर बैलगाडी आडवी आली आणि सवयीनं मी डावा पाय क्लचवर मारावा तसा दणकन मारला. तिथे होता रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवरच्या सासूबाईंचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं, ओठ फाटला, पदर रक्तानं भरला.

"मामा, चूक माझी," मी सासऱ्यांना म्हणालो. लाजेनं कानशिलं तापली होती.

"तुमनी काय चूक?" पदर ओठावर दाबून सासूबाईच बोलल्या. "गाडीच येडी शे."

प्रकाशा गावी दर्शनाला जाणं राहिलं. घरी भावकी जमली, आणि जो तो गाडीला नावं ठेवायला लागला. मला राहवेना. मी समजावून सांगायला बसलो. जिनिंगच्या मालकाकडेही अशीच बिनक्लचची गाडी आहे, तिची यंत्रणा निराळी, ती प्रत्येक गिअरला झटका देते. मामांची गाडी झटका देत नाही. झटका माझ्या पायाचा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हायसं वाटलं. तेवढ्यात सासरे हळूच म्हणाले, "म्हंजे ती गाडीभी झटका देस. हाई जातच खोटी शे."

पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितका मी त्यांना मोठ्या मनाचा वाटू लागलो. चिडून आवाज चढवला, तर चहा आला. बायकोला मात्र सगळं कळलं होतं, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुढच्या अखाजीला गेलो तेव्हा अंगणात जीप उभी होती, पुढे हळदकुंकू लावलेली. जुनी गाडी विकून टाकली होती.

"तुमले जीपनी सवय शे ना," सासरे म्हणाले आणि हाताने पाय उचलून डाव्या बाजूच्या सीटवर चढून बसले.

मी क्लचकडे बघत राहिलो. "मामा, मी नसतो तेव्हा कोण चालवतं?"

"कोनीच नही. तुमनीच गाडी शे ती."

"मग तुम्ही शेतावर कसे जाता?"

"बैलगाडी शे ना. गडी नई ऱ्हायना तं घरमाच बसस."

हे सांगताना त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. जावयाचा मान राखला होता त्यांनी.