भरतात गेलेल्या खुंट्या

देशाला स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एवढा चिखल होता की ते तिथेच धोतर सावरत उभं राहिलं होतं. जळगावात मेहरूणच्या वाटेला आमची गल्ली. हत्ती शिरला तर शेपटाने परत यावं लागेल इतकी अरुंद, आणि लांबी म्हणाल तर एका टोकाला लग्न लागलं की दुसऱ्या टोकाला बारशाच्या सुमाराला बातमी पोहोचायची. स्वातंत्र्याला आत घ्यायचं म्हणून आम्ही गल्ली सुधार मंडळ काढलं.

अध्यक्ष नाना. जिनिंगमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. दातात सुपारी नसली तर ते पाना धरत असत. चिटणीस मी, कारण सभेत गप्प बसून लिहायचं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. (मलाही गप्प बसायचं जमत नव्हतं, पण अक्षर बरं होतं.) आणि मंडळाचं वर्तमानपत्र, पोस्ट आणि रेडिओ म्हणजे पिंजारी चाचा. दिवसभर गाद्यांचा कापूस पिंजून घशात गेलेला पुंजका ते एका आरोळीत बाहेर काढायचे. त्यांनी थाळी बडवून "ऐका होऽऽ" केलं की मेहरूणच्या तलावावरचे बगळे उडायचे ते पार शिरसोलीला जाऊन उतरायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे उडताना पाहिलं. उतरले कुठे ते बगळ्यांनी सांगितलं.

मंडळाचा एकच नियम होता. नानांचं म्हणणं, रिकाम्या पोटी केलेला ठराव टिकत नाही. म्हणून प्रत्येक ठरावाआधी भरीत. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात भरताची वांगी काळी होईस्तोवर भाजायची, हिरव्या मिरच्या-लसणीबरोबर लाकडी ओखळीत ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी हाणायची. गल्लीत सुधारणा किती झाल्या ते विचारू नका, पण वांग्यांचा भाव आमच्या मंडळामुळे वर राहिला.

त्या हिवाळ्यात मात्र खरीच सुधारणा यायची होती. नगरपालिका आमच्या गल्लीला नळ देणार होती. एक नळ, सगळ्यांसाठी. तो कुठे बसवायचा यावर आम्ही तीन भरितं खाल्ली आणि शेवटी एकमताने ठरलं की गल्लीच्या शेवटी, अक्कांच्या दारात.

कारण विहीर होती गल्लीच्या तोंडाशी आणि अक्का राहायच्या शेपटाला. एकट्या. शिंदखेड्याकडचं माहेर, तिकडचीच बोली. विहिरीवर जाऊन हंडा आणेपर्यंत दुसरा माणूस धुळ्याला जाऊन यायचा. त्यात त्यांचा गुडघा दुखरा. पावसाळ्यात हंड्यासकट पडल्या, तेव्हापासून शिंदखेड्यात दिलेल्या लेकीने हेका धरला होता : संक्रांतीपर्यंत नळ आला तर ठीक, नाहीतर घराला कुलूप घालून माझ्याकडे चल. आणि अक्का म्हणायच्या, "जावयना दारशी बशीसन खावापेक्षा मी विहिरमा उडी मारसू. पन तठलोंग जावाले गुडघा बी पाहिजे ना!"

धुळ्याहून बदलून आलेला नगरपालिकेचा ओव्हरसिअर एक दिवस सायकलवरून आला. हा एवढा बारीक की वारा आला की टोपी धरायची का स्वतःला, असा त्याला प्रश्न पडायचा. त्याने गल्लीच्या तोंडापासून अक्कांच्या दारापर्यंत बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, डोक्याला गेरू लावला आणि बजावलं, "पुढच्या सोमवारी माणसं घेऊन येतो. जिथे खुंट्या, तिथून पाईप. जिथे शेवटची खुंटी, तिथे नळ. खुंटीला हात लावायचा नाही."

चाचांनी थाळी बडवून तसं गल्लीभर सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. फक्त गल्लीतल्या तालमीचा आमचा पैलवान दोंडाईच्याच्या बाजारात बैल बघायला गेला होता, त्याने ऐकलं नाही.

आणि एवढं मोठं काम मार्गी लागलं म्हटल्यावर मंडळ काय करणार? रविवारी दुपारी भरीत ठेवलं.

आदल्या दिवशी अवकाळी शिंतोडे पडून कपाशीच्या काड्या दमट झाल्या होत्या. नुसता धूर. नाना डोळे पुसत ओरडले, "अरे पैलवान, कुठून तरी वाळकं लाकूड आण रे!" पैलवान हुकमाचा ताबेदार. गेला तसा कवळाभर लाकूड घेऊन आला. कसं लाकूड! एकसारखं, तासलेलं, टोकदार. जाळ असा लागला की वांगी घाबरून आपणहून सोलली गेली. मी आयुष्यात पुष्कळ भरीत खाल्लं, पण तसं पुन्हा नाही.

बोटं चाटता चाटता चाचांनी निखाऱ्यातून एक थोटूक उचललं. टोकाला गेरू.

"या अल्ला! नाना, ये तो साहब की खुंटी है!"

"कुठून आणलंस रे हे?" नानांनी विचारलं.

पैलवान भाकरी मोडत म्हणाला, "गल्लीतच उभी होती. कुणी तरी सोयीने ठोकून ठेवली होती, मला वाटलं मंडळानेच."

अक्का ताट खाली ठेवून उभ्या राहिल्या. "मना नळ भाजीसन खादा तुम्हीन! गोड लागना का?"

गोड तर लागला होता, म्हणून आम्ही बोटं पाठीमागे नेऊन पुसली.

नाना म्हणाले, "घाबरू नका. नव्या खुंट्या ठोकू. शेवटची कुठे होती ते सगळ्यांना ठाऊकच आहे." आणि इथेच घोटाळा झाला. ठाऊक सगळ्यांना होतं, पण ज्याचं त्याला. पोटात भरीत गेल्यावर माणसाची स्मरणशक्ती आपल्या घराकडे वळते. नानांना ती त्यांच्या ओट्याखाली आठवत होती. पैलवानाला तालमीच्या दाराशी, आणि त्याने तर ती स्वतः उपटलेली! मला विचाराल तर ती माझ्या खिडकीखाली होती. आजही शपथेवर सांगेन. एकमताने झालेला ठराव आम्ही तासाभरात पचवला. शेवटी नाना म्हणाले, "भांडण नको. गल्लीच्या मधोमध ठोकू. सगळ्यांना सारखं."

"मधोमध म्हणजे तुमच्या ओट्यासमोर," अक्का म्हणाल्या. त्या चिडल्या की शुद्ध मराठीत यायच्या. "माझा गुडघा मधोमधपर्यंत येत नाही, नाना. बरं, बसवा. मी बोचकं बांधते." आणि चाचांना म्हणाल्या, "चाचा, जरा माझ्याबरोबर चला. गादीचा कापूस बघून घ्या, शिंदखेड्याला न्यायची आहे."

त्या दोघांना जाताना बघून मला खरंच वाईट वाटलं. पण मधोमधपासून माझी खिडकी चार पावलांवर, तिथला नळ डोळ्यांपुढे येत होता, त्यामुळे फार वेळ वाटलं नाही.

संध्याकाळच्या आत मधोमधपर्यंत नव्या खुंट्या रोवल्या गेल्या. बाभूळ कुठून आणायची? कुणी खाटेचा पाय दिला, कुणी मुसळाचं टोक, पैलवानाने मोडकं मुद्गल. मी सगळ्यांना गेरू फासला.

सोमवारी सकाळी थाळी वाजली. बगळे नेहमीप्रमाणे गेले.

"ऐका होऽऽ! मंडळाचा हुकूम! नळ ज्याच्या दारात बसेल त्याने रोज पहाटे नळाखालचं कोंडाळं घासायचं! चिखल आपल्या हाताने उपसायचा! नळावर बायांची भांडणं लागली तर मधे पडून सोडवायची! आणि बाजारच्या दिवशी येतील तेवढ्या बैलांना पाणी पाजायचं होऽऽ!"

मी चहाचा घोट तसाच धरून बाहेर आलो. असा ठराव झालाच नव्हता. मी चिटणीस, मला ठाऊक. पण नानींनी तो ऐकला होता आणि नानांना ओट्यावर उभं करून विचारत होत्या, "बायांच्या भांडणात तुम्ही पडणार?"

आणि महाराज, खुंट्या चालायला लागल्या. मी वळून पाहिलं तेव्हा खाटेचा पाय नानांच्या ओट्यापाशी होता. चहा संपेपर्यंत तालमीशी पोहोचला. पैलवानाला एकाएकी आठवलं की आपण खुंटी उपटली ती जरा पुढून, तालमीपासून बरीच पुढून. माझ्या खिडकीखालून एक मुसळ गेलं ते मी स्वतः नेलं. पण ते चाललंच होतं, मी फक्त सोबत केली. ऊन चढेपर्यंत सगळ्या खुंट्या अक्कांच्या दाराशी वरातीसारख्या गोळा झाल्या. मग नानांनी अंतरं पाहून त्या मागे पसरवल्या.

ओव्हरसिअर आला, सायकल भिंतीला लावून बघत राहिला. "नाना, मी सरळ रेषेत ठोकल्या होत्या. या वळल्या कशा?"

"काळी जमीन, साहेब," नाना म्हणाले. "भेगा पडल्या की सगळं सरकतं."

"आणि बाभळीला खाटेचा पाय फुटला?"

"काळ्या जमिनीत काय उगवेल, काही सांगता येत नाही."

ओव्हरसिअर हसला. त्याच्या एवढ्याशा अंगातून एवढं हसू निघालं की टोपी पडली. "शेवटची खुंटी कुणाच्या दारात होती, तेवढं खरं सांगा."

साऱ्या गल्लीची बोटं एकदम अक्कांकडे वळली. त्या बोटांचा वारा लागून ओव्हरसिअरने सायकल घट्ट धरली म्हणतात.

मी चाचांना गाठून विचारलं, "चाचा, तो हुकूम कोणत्या सभेतला?"

"सभा हुई ना, अक्का के घर," चाचा शांतपणे म्हणाले. "भरीत नाही होतं, पण तिने खिचडी खिलवली. रिकाम्या पेट का नाही है ठराव."

संक्रांतीच्या आधी नळाला पाणी आलं. पहिला हंडा अक्कांचा, बसल्या जागेवरून. नाना घागर घेऊन पुढे सरकले तर अक्कांनी त्यांना रांगेच्या शेवटी पाठवलं. अध्यक्ष मंडळाचे, नळाचे नव्हेत. चिखल मात्र अक्कांनी खरंच उपसला, आणि भांडणं सोडवायची तर त्यांना हौसच होती. बैलांचं काम पैलवानाकडे लागलं.

नळाचं लेकीला कळलं नव्हतं, संक्रांतीला ती न्यायला आली ती टांगा दारात उभा करूनच. अक्का ओट्यावरून उठल्यासुद्धा नाहीत. रांगेकडे एक डोळा ठेवून म्हणाल्या, "तू उनीस ते बरं व्हयनं, बेटा. त्या दोन हंडा भरी दे, तीळगूळ खा, आनि मंग सांजनी गाडी धरी ले."