चूळ भर, गिळू नको

फुटबॉलच्या टीमचा कॅप्टन मी, म्हणजे शिस्त माझी. लोहाऱ्याच्या माळावर हाफटाइमला पोरं घागरीवर तुटून पडायची अन् मी खेकसायचो, "चूळ भरा अन् थुंका! घोटभर जरी गिळलं तर बाहेर बसवीन." पोटात पाणी डुचमळलं की पळता येत नाही, हे कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलं होतं. आमचा गोलकीपर, मुसलमान गल्लीतला माझा दोस्त, मुद्दाम गाल फुगवून माझ्यासमोर यायचा अन् गिळायचा. वर दात काढायचा. त्याला मी कधी बाहेर बसवलं नाही. दुसरा गोलकीपर होता कुठं?

भरतीला दोघं बरोबर गेलो, पलटणही एकच मिळाली. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या पोटात गोळी लागली. मी त्याला बांधाआड ओढलं, पट्टी आवळली. त्यानं पाणी मागितलं. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून घोकून घेतलेलं. माझ्या कमरेला भरलेली बाटली. मी म्हणालो, "डॉक्टर येतोय, थांब जरा."

तो हसला. "कॅप्टन, चूळ तरी भरू दे की. न्हाय गिळत, अल्लाकसम."

माझा विश्वास बसला नाही. आजवर गिळतच आला होता की! रुमाल ओला करून ओठांवर ठेवला, तर तो चोखायला लागला, म्हणून तोही काढून घेतला. डॉक्टर पोचेपर्यंत तो गेला होता. "तुझं काही चुकलं नाही," डॉक्टर म्हणाले. आग लागो त्या न चुकण्याला!

पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा गावातल्या विहिरी आटलेल्या. खाला, म्हणजे त्याची आई, दुष्काळी कामावर खडी फोडायची अन् संध्याकाळी लांबून पाणी आणायची. मी दारात दिसताच तिनं तांब्या भरून पुढं केला अन् विचारलं, "बेटा, शेवटी त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं?"

आमच्या बौद्धवाड्यात काय अन् त्यांच्या गल्लीत काय, माणूस जाताना तोंडात पाणी पडलं नाही तर घरच्यांच्या जिवाला चैन पडत नाही.

"मीच, खाला. पोटभर प्याला."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग गल्लीभर सांगत सुटली. तेव्हापासून ईदला शिरखुर्म्याची पहिली वाटी माझी. ती संपवल्याशिवाय उठायचो नाही. आज सांगूनच टाकू असं कितीदा ठरवलं! तिचं तोंड बघितलं की जीभ उचलायची नाही. लढाईवरून आलेला गडी, अन् एका म्हातारीसमोर टरकायचा. लाज वाटायची स्वतःची.

बऱ्याच वर्षांनी खालानं अंथरूण धरलं. तिची लेक पाणी पाजायला बसली, तर खालानं तोंड फिरवलं. "त्याच्या दोस्ताला बोलवा. त्याच्याच हातचं पिईन."

मी गेलो. चमच्यानं पाणी घातलं. तिनं हळूच गिळलं अन् माझ्याकडं बघत विचारलं, "त्यालाबी असंच पाजलंस नव्हं?"

"व्हय, खाला," मी म्हणालो, अन् दुसरा चमचा भरला.